एलिझाबेथ टिलीचे माहेर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी भाचेसून मॅसॅच्युसेट्सची आहे. तिच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते की, त्यांचे घराणे १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या जॉन हाउलंड आणि त्याची पत्नी एलिझाबेथ यांच्यापासून चालत आले आहे आणि ही एलिझाबेथ प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची कन्या होती. अलीकडे तिच्या वाचनात मात्र एलिझाबेथचे माहेरचे आडनाव टिली असे आले. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या कामात मी काही काळ मदत केली असल्यामुळे लेकींच्या नोंदी किती त्रोटक असतात, हे मला ठाऊक आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका सामान्य स्त्रीचे माहेर खात्रीने सांगता येते का, आणि तिच्यापासून आजपर्यंतचा धागा जोडायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या भाचेसुनेच्या आजोळी सांगितली जाणारी गोष्ट त्या घरात रचलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाउलंड घराण्याच्या अनेक शाखांत ती खरीच मानली जात असे, आणि प्लिमथच्या बरिअल हिल या टेकडीवर वंशजांनी उभारलेल्या स्मृतिशिलेवरही एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी असल्याचे कोरलेले होते. तरीही ती गोष्ट चुकीची आहे. एलिझाबेथ ही जॉन टिली आणि जोन हर्स्ट यांची मुलगी, इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यातील हेन्लो या गावची, आणि हे आज कागदोपत्री शाबीत झालेले आहे. ते कसे झाले, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण वसाहतकाळातील कोणत्याही स्त्रीचे माहेर शोधताना याच वाटेने जावे लागते.

त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता नसे, पतीच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे, आणि करार, फिर्याद, करभरणा हे सारे पतीच्या नावे होई. त्यामुळे तिचे नाव कागदावर येण्याचे प्रसंगच मोजके उरत. त्यात प्लिमथ वसाहतीत विवाह हा धार्मिक विधी न मानता दिवाणी व्यवहार मानला गेला होता. तेथील पहिले लग्न १६२१च्या मे महिन्यात एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचे झाले, तेही मॅजिस्ट्रेटसमोरच. चर्चमध्ये विवाहाची नोंदवही ठेवण्याची प्रथा नसल्यामुळे जॉन आणि एलिझाबेथ यांच्या लग्नाची तारीख कोठेही मिळत नाही. म्हणून अशा स्त्रीला तिच्या स्वतःच्या कागदात नव्हे, तर इतरांच्या कागदांत शोधावे लागते. नवऱ्याचे, बापाचे, भावाचे, जावयाचे आणि शेजाऱ्याचेही कागद पाहावे लागतात.

एलिझाबेथच्या बाबतीत हा शेजारी विल्यम ब्रॅडफर्ड होता. कार्व्हर १६२१च्या एप्रिलमध्ये वारल्यावर ब्रॅडफर्ड गव्हर्नर झाला आणि पुढे त्याने वसाहतीचा वृत्तांत स्वतःच्या हाताने लिहून काढला. त्या हस्तलिखिताला १६५१च्या सुमारास त्याने एक यादी जोडली. तीत मेफ्लॉवरमधून कोण कोण आले, कोणाच्या कुटुंबात कोण होते आणि तीस वर्षांनंतर त्यांचे काय झाले, हे लिहिलेले आहे. जॉन टिली, त्याची पत्नी आणि ‘एलिझाबेथ, त्यांची मुलगी’ अशी एक नोंद तीत आहे. पुढे असे आहे की, टिली पतिपत्नी किनाऱ्यावर उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या मुलीने जॉन हाउलंडशी लग्न केले. दोघे हयात असून त्यांना दहा मुले आहेत आणि दहाही जिवंत आहेत, असेही ब्रॅडफर्डने नमूद केले आहे. त्याच यादीत कार्व्हरच्या कुटुंबातील माणसे नावनिशीवार दिली आहेत. पत्नी कॅथरीन, डिझायर मिंटर नावाची एक मुलगी, जॉन हाउलंडसह नोकरमंडळी आणि सांभाळायला सोपवलेला एक मुलगा एवढेच त्या घरात होते. कार्व्हरची स्वतःची लेक त्यांत नाही.

मग ही गोष्ट दोनशे वर्षे टिकली कशी? ब्रॅडफर्डचे हस्तलिखितच नजरेआड झाले होते. बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यातील ग्रंथसंग्रहात ते ठेवलेले होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते तेथून नाहीसे झाले आणि १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलम पॅलेसमधील ग्रंथालयात त्याची ओळख पटली. १८५६ साली ते प्रथमच संपूर्ण छापले गेले, आणि १८९७ साली मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. यादी छापून आली त्या दिवसापासून कार्व्हरकन्येच्या गोष्टीला आधार उरला नाही, आणि पुढे बरिअल हिलवरील दगडावरही जॉन टिलीची कन्या असे लिहिले गेले. गोष्ट उगवली कशी, याचा अंदाज मात्र करता येतो. पहिल्या हिवाळ्यात सुमारे निम्मी माणसे दगावली, एलिझाबेथ तेरा वर्षांची असताना पोरकी झाली, आणि तिचा होणारा नवरा कार्व्हरच्या घरी चाकरीला होता. ती मुलगी कार्व्हरच्या आश्रयाला गेली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आश्रित मुलीची पुढच्या पिढ्यांनी पोटची मुलगी केली, आणि गव्हर्नरशी नाते जोडण्याची हौस त्यात भर घालायला होतीच.

येथे एक गोष्ट मनाला लागते. वादळात जॉन हाउलंड समुद्रात पडला, लोंबकळणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागला आणि तो वाचला, हा प्रसंग ब्रॅडफर्डने सविस्तर वर्णन केला आहे. आईबाप गमावून परक्या किनाऱ्यावर एकट्या उरलेल्या मुलीला मात्र त्याच लेखणीने अर्धी ओळ दिली. संशोधकाला त्या अर्ध्या ओळीवरच काम करावे लागते, आणि म्हणून ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली, हे तपासण्याला फार महत्त्व आहे. ब्रॅडफर्ड या सर्वांना प्रत्यक्ष ओळखत होता, त्याने लिहिले तेव्हा एलिझाबेथ हयात होती, आणि तिला कोणाची मुलगी ठरवण्यात त्याचा काहीही स्वार्थ नव्हता. अशी एक ओळ नंतरच्या शंभर छापील वंशावळींपेक्षा वजनदार ठरते.

बापाचे नाव मिळाल्यावर पुढचा प्रश्न गावाचा आणि आईचा होता. येथेही संशोधकांची एकदा दिशाभूल झाली. हॉलंडमधील लायडन शहरात १६१५ साली एका जॉन टिलीचे ब्रिजेट व्हान डेर व्हेल्डे नावाच्या स्त्रीशी लग्न झाल्याची नोंद सापडली. मेफ्लॉवरचे बरेच प्रवासी लायडनहून आलेले असल्यामुळे तोच हा टिली असे धरून अनेक वंशावळींत ब्रिजेटला जागा मिळाली. केवळ नाव जुळले म्हणून माणूस तोच मानण्याचा हा दोष आजही सर्वांत जास्त आढळतो. खरी वाट रॉबर्ट ली वॉर्ड यांनी दाखवली. १९७६ साली ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदींवरून मेफ्लॉवरच्या एकदम सात प्रवाशांचे मूळ सांगितले.

त्यांच्या पुराव्याचे बळ एका नावात नसून नावांच्या जुळणीत आहे. ब्रॅडफर्डच्या यादीत जॉन टिलीच्या शेजारीच एडवर्ड टिली आणि त्याची पत्नी अॅन येतात, आणि त्यांच्यासोबत हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर ही दोन ‘कझिन’ मुले येतात. त्या काळी भाचा, पुतणी अशा नात्यांनाही हा शब्द सर्रास वापरीत. हेन्लोच्या नोंदवहीत टिली, सॅमसन आणि कूपर ही तिन्ही कुळे एकाच गावात, एकमेकांशी सोयरिकीने बांधलेली आढळतात. एडवर्डच्या पत्नीचे नाव तेथे अॅग्नेस कूपर असे आहे. अॅन आणि अॅग्नेस ही नावे तेव्हा एकमेकांच्या जागी लिहिली जात, म्हणून त्यात विसंगती नाही. एकटा जॉन टिली इंग्लंडच्या कितीतरी गावांत मिळेल, पण हा सगळा गोतावळा एकत्र असलेले गाव एकच मिळाले.

हेन्लोच्या नोंदींप्रमाणे जॉन टिली आणि जोन हर्स्ट यांचा विवाह २० सप्टेंबर १५९६ रोजी झाला, आणि त्यांच्या पाच मुलांपैकी सर्वांत धाकट्या एलिझाबेथचा बाप्तिस्मा ३० ऑगस्ट १६०७ रोजी झाला. जोनचे हे दुसरे लग्न होते. त्याआधी १५९३ साली तिचे थॉमस रॉजर्स नावाच्या माणसाशी लग्न झाले होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती टिलींच्या घरी आली. मेफ्लॉवरवरही थॉमस रॉजर्स नावाचा एक प्रवासी होता, पण तो हा नव्हे. बाईची आडनावे हर्स्ट, रॉजर्स, टिली अशी बदलत जातात आणि शोधणाऱ्याला प्रत्येक पायरीवर थांबून विचारावे लागते की, या लग्नाच्या वेळी ती कुमारिका होती की विधवा. हा प्रश्न न विचारल्यामुळे पहिल्या नवऱ्याच्या आडनावाला माहेरचे आडनाव समजणाऱ्या वंशावळींची संख्या फार मोठी आहे.

हेन्लोची एलिझाबेथ टिली हीच प्लिमथची एलिझाबेथ हाउलंड, याला सर्वांत सुंदर दुजोरा तिच्याच मृत्युपत्रातून मिळतो. जॉन हाउलंड १६७३च्या फेब्रुवारीत वारला. विधवा झाल्यामुळेच एलिझाबेथला स्वतःचे मृत्युपत्र करता आले. लेक लिडिया आणि जावई जेम्स ब्राउन यांच्याकडे स्वॉन्सी येथे राहत असताना १७ डिसेंबर १६८६ रोजी तिने ते केले आणि त्यात आपले वय एकोणऐंशी वर्षे असल्याचे सांगितले. ऑगस्ट १६०७मध्ये बाप्तिस्मा झालेली मुलगी डिसेंबर १६८६मध्ये बरोबर एकोणऐंशी वर्षांची होते. समुद्राच्या दोन तीरांवरचे, ऐंशी वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद असे एकमेकांची साक्ष काढतात, तेव्हा नाते पक्के झाले असे म्हणता येते.

हे मृत्युपत्र आपल्या भाचेसुनेने अवश्य वाचावे. थोरल्या मुलाला पाच पौंड, टिंडेलच्या लेखनाचे पुस्तक आणि चादरींची व उशीच्या अभ्र्यांची एक जोडी, दुसऱ्याला तागडी, तिसऱ्याला पिसांची गादी आणि मोठे लोखंडी भांडे, धाकट्याला मोठे पितळी पातेले आणि आणखी एक धर्मग्रंथ, अशी ती वाटणी आहे. आपली सर्वांत चांगली गादी, हिरवे जाड पांघरूण, लहान बायबल आणि सर्वांत तलम चादरी तिने लिडियाला दिल्या, आणि एका नातीला चार मेंढ्या. इतकी पुस्तके बाळगणाऱ्या या स्त्रीने मृत्युपत्रावर सही न करता आद्याक्षरांची निशाणी केली आहे. न्यू इंग्लंडमध्ये मुलींना बायबल वाचण्यापुरते वाचन शिकवीत, लिहायला शिकवणे गरजेचे मानीत नसत. तेव्हा निशाणी दिसली म्हणून ती बाई निरक्षर होती, असा निष्कर्ष काढू नये.

याच मृत्युपत्राने आणखी एक सावधगिरी शिकवली जाते. ब्रॅडफर्डने दहा मुले सांगितली असली तरी एलिझाबेथच्या मृत्युपत्रात चार मुलगे आणि लिडिया ब्राउन, एलिझाबेथ डिकिन्सन व हॅना बॉसवर्थ या तीनच मुली आहेत. उरलेल्या तिघींची नावे जॉन हाउलंडच्या १६७२च्या मृत्युपत्रात मिळतात. त्यात डिझायर गोरम, होप चिपमन आणि रूथ कुशमन यांच्यासह सहाही मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग दिलेले आहेत. आईने मृत्युपत्र केले तोवर या तिघी वारल्या होत्या, आणि ज्या नातीला मेंढ्या मिळाल्या ती डिझायर कुशमन ही त्यांतल्या रूथची मुलगी होती. मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे ती मुलगीच नव्हती, असे धरले असते तर तीन शाखा तुटल्या असत्या. उलट, बापाच्या मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुली सासरच्या आडनावानिशी येतात, म्हणून लेकीचे सासर आणि माहेर जोडणारा त्याच्यासारखा दुसरा कागद नाही.

प्लिमथमध्ये लग्नाची नोंद नसली तरी एक विलक्षण कागद आहे. २२ मे १६२७ रोजी वसाहतीच्या गुरांची वाटणी झाली. १५६ माणसांचे तेरा-तेरा जणांचे बारा गट पाडले गेले आणि त्यांत बायका आणि तान्ही मुलेही नावानिशी लिहिली गेली. चौथा गट जॉन हाउलंडचा होता. त्यात त्याची पत्नी एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर आणि शेजारचे ऑल्डन कुटुंब आहे, आणि या गटाच्या वाट्याला ‘रॅगहॉर्न’ नावाची कालवड आली. दोन मुले पदरी असल्याचे त्यावरून दिसते, म्हणजे लग्न १६२५च्या सुमारास किंवा त्याआधीच केव्हातरी झाले असले पाहिजे. गाईगुरांचा हिशेब ठेवण्यासाठी केलेला कागद एका स्त्रीच्या विवाहाचा काळ सांगून जातो.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. एलिझाबेथपासून खाली उतरत यायचे नाही, तर भाचेसुनेपासून मागे जायचे, आणि प्रत्येक पिढीचा पुरावा हाती आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१पासून राज्याकडे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद होऊ लागली, त्यामुळे तेथपर्यंतचा प्रवास सहसा सोपा होतो. त्यामागे अडचण सुरू होते. अमेरिकेची जनगणना १७९०पासून होत असली तरी १८५०पूर्वी तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे आणि घरातील बायका नुसत्या आकड्यांत मोजल्या जात. हीच साठ वर्षे अनेक घराण्यांचा धागा तोडतात. येथे गावोगावच्या जुन्या नोंदी, मृत्युपत्रे आणि वारसा-प्रकरणे उपयोगी पडतात. जमिनीची खरेदीखतेही पाहावीत, कारण पतीच्या मालमत्तेतील एकतृतीयांशावर विधवेचा हक्क असे आणि तो सोडल्याचे दाखवण्यासाठी विक्रीच्या वेळी पत्नीची संमती नोंदवली जाई. भाऊबहिणींनी बापाची जमीन एकत्र विकली असेल तर लेकी आणि जावई एकाच कागदावर सापडतात.

स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्जही पाहायला विसरू नये. १८३६ आणि १८३८च्या कायद्यांनी वृद्ध विधवांना वेतन देऊ केले, पण लग्न झाल्याचा पुरावा मागितला. तो नसल्यामुळे कित्येकींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहाच्या नोंदींची पाने फाडून अर्जाला जोडली. ती पाने आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील फायलींत आहेत.

एवढे सगळे आपल्या भाचेसुनेला एकटीने करावे लागणार नाही. ‘जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडन्ट्स’ ही १८९७ साली स्थापन झालेली संस्था प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्यांचे तपासलेले ग्रंथ प्रसिद्ध करते, आणि बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीचा संग्रह १८४५पासूनचा आहे. आपल्याकडची पिढी मागे नेत त्या पाच पिढ्यांपर्यंत भिडवली की काम झाले. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मूळ दप्तरांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. तेथे इतरांनी जोडलेल्या वंशावळी मात्र केवळ सुगावा म्हणून वापराव्यात. एलिझाबेथचे मृत्युपत्र शोधताना प्लिमथ परगण्यात जाऊ नये, ही एक सूचना आवर्जून देतो. १६८५ साली वसाहतीचे परगणे पडले तेव्हा स्वॉन्सी ब्रिस्टल परगण्यात गेले, म्हणून ते मृत्युपत्र ब्रिस्टलच्या वारसा-दप्तरात आहे. गाव हलत नाही, पण त्याचे दप्तर हलते, आणि कागद नाही असे म्हणणारे लोक पुष्कळदा चुकीच्या कचेरीत शोधत असतात.

प्रश्न : जॉन हाउलंडच्या मृत्यूचे वर्ष कोठे १६७२, कोठे १६७३, तर कोठे १६७२/३ असे दिलेले आढळते. यांतले बरोबर कोणते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिन्हींचा अर्थ एकच आहे. इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२पर्यंत जुने ज्युलियन पंचांग पाळीत होत्या आणि त्यांचे कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जॉन वारला तो २३ फेब्रुवारी हा दिवस त्यांच्या हिशेबाने १६७२चाच राहिला, आपल्या हिशेबाने तो १६७३चा ठरला. घोटाळा टाळण्यासाठी अभ्यासक १६७२/३ असे जोडवर्ष लिहितात. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील प्रत्येक तारखेला हे लागू आहे. एलिझाबेथची आई जोन हर्स्ट हिच्या बाप्तिस्म्याचे वर्षही असेच १५६७/८ लिहावे लागते.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. नोंदवहीत एखाद्या जोडप्याचे लग्न १६६४च्या एप्रिलमध्ये आणि पहिल्या मुलाचा जन्म १६६४च्या फेब्रुवारीत दिसला, तर मूल लग्नाआधी झाले असे वाचणारा समजेल आणि एका निरपराध स्त्रीवर ठपका येईल. वास्तविक तो फेब्रुवारी लग्नानंतरचा, दहा महिन्यांनी आलेला आहे. कित्येक नोंदींत महिन्यांची नावे न लिहिता ‘पहिला महिना’, ‘बारावा महिना’ असे लिहिलेले असते. तेथे पहिला महिना म्हणजे मार्च आणि बारावा म्हणजे फेब्रुवारी. लायडनच्या नोंदी पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉलंड प्रांताने १५८३पासूनच नवे ग्रेगरियन पंचांग स्वीकारले होते, म्हणून एकाच दिवसाची तारीख लायडनमध्ये इंग्लंडपेक्षा दहा दिवस पुढची असे. टिपणे काढताना तारीख मुळात जशी आहे तशीच उतरवावी, आपला अर्थ शेजारी वेगळा लिहावा, आणि मूळ अंक कधीही दुरुस्त करू नये.

प्रश्न : मेफ्लॉवरच्या प्रवाशांचे कागद जपले गेले, वंशजांच्या संस्था निघाल्या. त्याच वसाहतींत गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकी स्त्रियांची कुटुंबे अशा रीतीने शोधता येतात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काही अंतरापर्यंत येतात, आणि त्या अंतराचा छळ शोधणाऱ्याला सतत जाणवतो. मॅसॅच्युसेट्सने १६४१ सालच्या कायदेसंग्रहातच गुलामगिरीला वाट ठेवली होती, आणि तेथील न्यायालयांनी ती मोडीत काढायला १७८३ साल उजाडावे लागले. मधल्या काळातील गुलाम स्त्रीची नोंद मालकाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत, खाटा आणि गुरे यांच्या जोडीने, पौंडांतील किमतीसह सापडते. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या नावापुढे मालकाचे नाव असते, आईबापांचे सहसा नसते. म्हणून तिच्यासाठी पहिल्यांदा मालकाच्या घराण्याचा पूर्ण अभ्यास करावा लागतो आणि त्याच्या लेकींची लग्नेही पाहावी लागतात, कारण लेकीबरोबर गुलाम मुली सासरी पाठवल्या जात.

१७६१ साली बॉस्टनला आणलेली एक लहान मुलगी ज्या जहाजातून आली त्याचे ‘फिलिस’ हे नाव तिला मिळाले, आणि आडनाव मिळाले ते तिला विकत घेणाऱ्या जॉन व्हीटलीचे. पुढे १७७३ साली तिच्या कवितांचा संग्रह लंडनमध्ये छापला गेला, तिची कीर्ती दोन खंडांत पसरली, आणि तरीही तिच्या आईबापांनी ठेवलेले नाव कोणत्याही कागदावर नाही. जिचे लेखन आज जगभर अभ्यासले जाते, तिच्या माहेराचा रस्ता एका जहाजाच्या नावापाशी संपतो. हे मला या विषयातले सर्वांत मोठे अन्यायाचे दप्तर वाटते.

तरीही सगळीकडे भिंत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या शेफील्ड गावातील एलिझाबेथ फ्रीमन हिने १७८१ साली न्यायालयात जाऊन आपले स्वातंत्र्य मिळवले, मोलमजुरी करून स्वतःचे घर केले, आणि १८२९ साली मरण्यापूर्वी मृत्युपत्र केले. तिनेही निशाणीच केली आहे, आणि आईवडिलांकडून आलेले कपडे आपल्या मुलीच्या नावे करून ठेवले आहेत. त्या मृत्युपत्रात एका कुटुंबाच्या तीन पिढ्या एकत्र येतात. स्वतंत्र झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत मृत्युपत्रे, गरिबांच्या मदतीविषयीचे गावसभेचे ठराव आणि न्यायालयीन फिर्यादी यांवर भर द्यावा. तेथे त्या स्वतःच्या तोंडाने बोललेल्या सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

प्रश्न : आता डीएनए चाचणी सहज होते. ती केली तर एवढी दप्तरे चाळण्याची गरज काय? चाचणी करायचीच झाली तर कोणाची करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एलिझाबेथ टिलीपासून आजच्या तरुण पिढीपर्यंत साधारण बारा-तेरा पिढ्या होतात. बारा पिढ्यांमागे प्रत्येक माणसाच्या पूर्वजांची ४,०९६ स्थाने भरतात, आणि इतक्या दूरच्या एका पूर्वजाचा डीएनएचा एकही तुकडा अंगात उरलेला नसणे अगदी शक्य असते. त्यामुळे बाजारातील सर्वसाधारण चाचणी अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांतील नातेवाईक शोधायला उपयोगी पडते, सतराव्या शतकातील आजी तिच्याने सिद्ध होत नाही. तुमचे आणि दुसऱ्या एखाद्या हाउलंड-वंशजाचे काही तुकडे जुळले, तरी ते न्यू इंग्लंडमधील दुसऱ्याच एखाद्या समान पूर्वजाकडून आलेले असू शकतात, कारण तेथील जुनी घराणी आपसांत अनेक वेळा सोयरिकीने जोडलेली आहेत.

स्त्रियांच्या शोधात खरोखर कामाचा आहे तो मायटोकाँड्रियल डीएनए. तो आईकडून मुलग्यांना आणि मुलींना मिळतो, पण पुढच्या पिढीला मुलीच देतात. म्हणून एलिझाबेथच्या सहा मुलींपैकी एखादीपासून आई, आजी, पणजी अशी अखंड स्त्रियांची साखळी ज्यांच्यापर्यंत पोचते, त्यांचीच ही चाचणी अर्थपूर्ण ठरते. मधे एक जरी पुरुष आला तरी ती वाट बंद होते. साखळीतील शेवटची व्यक्ती पुरुष असली तर चालते. दोन वेगवेगळ्या मुलींपासून आलेल्या अशा दोन साखळ्यांचे निकाल जुळले तर त्या दोन्ही कागदी वंशावळींना बळकटी येते, आणि जुळले नाहीत तर दोहोंपैकी एका साखळीतील कोणती तरी आई चुकीची लावली गेली आहे, एवढे कळते. ती कोणत्या पिढीतली, हे मात्र पुन्हा मृत्युपत्रे आणि खरेदीखतेच सांगतात. तेव्हा चाचणीचा खर्च करण्यापूर्वी आईकडची साखळी निदान १८४१पर्यंत कागदांनी मागे न्यावी, आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचा नमुना पहिल्यांदा घ्यावा.